सैल सोडलेले लगाम

माझ्या लेकीच्या, डेल्फीच्या थडग्याचा दगड वर्षभर माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा होता. माझ्या नवऱ्याने, जबेझने, तो स्वतः घडवला. घोड्यांचे खूर तासणारा हात तो, त्याला अक्षरं कुठली जमायला? 'डेल्फी टिलेट' एवढंच कोरलं, आणि त्यातही शेवटची अक्षरं कडेला दाटीवाटीने कोंबली. वय घालायला जागाच उरली नाही. मी म्हटलं, नको घालूस, ती सतरा वर्षांची होती हे वाचणाऱ्याला कळून काय होणार आहे. सकाळी झाडताना मी त्या दगडाच्या कडेकडेने झाडू फिरवायची. मांजर त्याच्या सावलीत निजायचं. दगड तयार होता, पण तो रोवायचा कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

टेकडीवर पुरात गेलेल्या बाकीच्यांची थडगी आहेत, तिथेच लाव, असं सगळे म्हणत. पण त्या थडग्यांत माणसं होती. नदीने त्यांना कुठल्या कुठे नेऊन टाकलं, तरी शेवटी टाकलं. माझी पोर मिळालीच नाही. रिकाम्या खड्ड्यापुढे डोकं झुकवून उभं राहायचं सोंग मला जमणारं नव्हतं. मला तो दगड आमच्या दारातल्या पायरीशी हवा होता. तिथे ती रोज उभी राहायची, आणि तिथेच मी तिला शेवटचं पाहिलं. आता ती पायरी, ते दार, तो रस्ता, अख्खं टर्ली बेंड, यातलं काहीच जागेवर नव्हतं.

टर्ली बेंड म्हणजे काही मोठं शहर नव्हे. नदीच्या वळणात टपालगाडीचं ठाणं, ठाण्याला लागून तबेला, समोर ऑगस्टिन लेर्माचं लोहारकामाचं दुकान, मधोमध विहीर, एक किराणा, एक गुत्ता आणि मातीच्या विटांची काही घरं. गाडी आली की गाव जागं व्हायचं, गेली की पुन्हा पेंगायला लागायचं. घोडे बदलणं जबेझकडे, उतारूंची पोटं माझ्याकडे. घेवडा, खारवलेलं डुक्कर, पाव आणि सुकी सफरचंदं भरून भाजलेला गोड पाय. लोक आधी नाकं मुरडायचे आणि मग ताटं पुसून खायचे. नदी म्हणाल तर बहुतेक वर्षभर नुसती वाळू. पाण्यासाठी तिथे गाव वसवलं आणि पाण्यासाठीच आम्ही तिला शिव्या घालायचो.

सुक्या सफरचंदांचा डबा मी वरच्या फळीवर ठेवायची, तरी चकत्या कमी व्हायच्याच. चोर मला ठाऊक होता. ब्लॅक टँक या पुढच्या ठाण्याहून येणाऱ्या गाडीच्या पुढच्या जोडीत, उजव्या अंगाला, टॅबी नावाची करडी घोडी असायची. गाडी विहिरीला वळसा घालून आमच्या दाराशी थांबली की ती घोडी मान उजवीकडे वळवायची, आणि पायरीवर डेल्फी उभी असायची, मूठ पुढे करून. ती चकती मिळाल्याशिवाय टॅबी कोणाला साज उतरवू द्यायची नाही. जबेझ कुरकुरायचा की पोरीने जनावर लाडावून ठेवलंय. मी म्हणायची, माझ्या पायचं वाटोळं होतंय ते बघ. दोघंही लटकंच रागवायचो.

आमच्या टप्प्यावर एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. ही जनावरं दुसरीकडे कुठे जात नाहीत. बेंड ते ब्लॅक टँक आणि ब्लॅक टँक ते बेंड, वर्षानुवर्षं तेवढाच रस्ता. म्हणून नव्या गाडीवानाला पहिला धडा हाच मिळायचा, की समोरचं दिसेनासं झालं तर आपली अक्कल पाजळायची नाही. लगाम सैल सोडायचे आणि स्वस्थ बसायचं. लेम स्ट्राउट हा आमचा सगळ्यात जुना गाडीवान. एकदा वाळूचं वादळ असं उठलं की तळहात दिसेना. लेमने तोंडावर रुमाल बांधला, लगाम मांडीवर टाकले, आणि गाडी बरोबर आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आतल्या उतारूंनी त्याची पाठ थोपटली.

"माझी कशाला थोपटताय?" लेम म्हणाला. "मी नुसता वर ठेवलेलं गाठोडं. ऑर्फाबाई, मला एक ताट वाढा आणि टॅबीला दोन."

असा तो माणूस. त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ अजून वळत नाही, आणि माझी जीभ किती तिखट आहे ते सगळ्या टप्प्याला माहीत आहे.

त्या ऑगस्टमध्ये वरच्या डोंगरात बरेच दिवस गडगडत होतं. बेंडवर मात्र थेंब नव्हता. मग एका दुपारी पाऊस आमच्यावरही कोसळला, आणि त्याच वेळी डोंगरातलं सगळं पाणी नदीने आणलं. दुपारची गाडी नुकतीच आली होती. जबेझने थकलेले घोडे सोडून टॅबीची चौकडी जुंपली होती. पाणी समोरून आलं असतं तर आम्हाला दिसलं असतं. ते आलं मागून, तबेल्यामागच्या जुन्या कोरड्या पात्रातून, आणि बघता बघता रस्त्यावर घोट्याएवढं झालं. मातीच्या विटा भिजल्या की घरं बसतात, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. किराण्याची मागची भिंत तेव्हाच खचली.

टेकडी हाकेच्या अंतरावर होती. लेर्माच्या दुकानापुढे रस्त्याला फाटा फुटायचा. डावीकडची लाकडं आणायची वाट टेकडीवर चढायची, उजवीकडचा गाडीचा रस्ता सखल वाळूतून ब्लॅक टँककडे जायचा. लेम म्हणाला, बायका-पोरं गाडीत घाला, मी डावीकडून वर नेऊन सोडतो, बाकीचे पायी या. यापेक्षा शहाणपणाचं कोणाला काय सुचलं असतं? लेर्माची बायको इनेस आणि त्यांची जुळी पोरं आत बसली, किराणावाल्याची म्हातारी आई बसली, गाडीतले उतारू दाटीने बसले. डेल्फी पायरीवरून पोरांना आत देत होती. जुळ्यांतल्या धाकटीने तिच्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटेना.

"आई, हिला वर पोहोचवते आणि तिथेच थांबते," डेल्फी म्हणाली, आणि गाडीत चढली. जाताना टॅबीला चकती द्यायची राहिली म्हणून हळहळलीसुद्धा.

गाडी निघाली आणि पावसाचा पडदा असा खाली आला की तिची मागची चाकंही दिसेनाशी झाली. दिसलं काही नाही, पण लेमचा आवाज ऐकू आला. तो आम्हाला नेहमीसारखाच ओरडून सांगत होता, "लगाम सोडतोय रे!" खरं सांगते, तो आवाज ऐकून आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. जबेझ माझ्याकडे बघून म्हणाला की आता काळजी नाही, टॅबी पुढे आहे.

आम्ही पायी निघालो. एकमेकांना दोराने बांधून, कुंपणाचे खांब चाचपत, लाकडांच्या वाटेने. लेर्मा सगळ्यांच्या पुढे होता. कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही चढाला लागलो आणि वर पोहोचलो. वर गाडी नव्हती.

लेर्मा टेकडीच्या कडेने हाका मारत धावत सुटला. जबेझ जागच्या जागी उभा राहिला, कारण त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. लाकडांची वाट त्या घोड्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांना एकच रस्ता येत होता. त्यांना मोकळं सोडलं आणि ती फाट्यावर उजवीकडे वळली, रोजच्यासारखी, सखल वाळूकडे, जिथे नदी आता दुथडी भरून धावत होती.

संध्याकाळी ब्लॅक टँकच्या हौदाशी टॅबी आणि तिचा जोडीदार डॅन येऊन उभे राहिले. साजाचे पट्टे तुटलेले, अंगभर चिखल. तिथल्या ठाण्यावरच्या माणसाने गाडी कुठे आहे म्हणून मागे रस्त्याकडे बघितलं. मागची जोडी गाडीबरोबरच बुडाली होती. पुढच्या दिवसांत लेम मिळाला, इनेस मिळाली, जुळी मिळाली, म्हातारी मिळाली. उतारूही एकेक करून मिळाले. डेल्फी मिळाली नाही. जबेझ आणि लेर्मा नदीकाठाने खूप खालपर्यंत गेले, वाहून आलेल्या लाकडांचे ढीग उपसले, आणि तिचा एक बूट घेऊन परत आले. तो बूट मी कोणाला दाखवत नाही.

टॅबी परत आल्यावर मी जबेझला म्हटलं, घाल तिला गोळी. तो बंदूक काढून तबेल्यात गेला, बराच वेळ आत बसला आणि तसाच बाहेर आला.

"त्या जनावरांनी काय केलं, ऑर्फा? आम्ही जे शिकवलं तेच केलं."

"मग शिकवणाऱ्याला घाल," मी म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोघं एका छपराखाली राहिलो, एवढंच. कंपनीने टेकडीमागच्या पठारावर नवं ठाणं बांधलं, रस्ताही वरून काढला. जबेझ घोडे बदलायचा, मी घेवडा शिजवायची. सफरचंदाचा पाय मी पुन्हा केला नाही. गाडी आली की मी पाठमोरी होऊन चुलीशी उभी राहायची, म्हणजे त्या करड्या घोडीचं तोंड दिसायला नको.

पूर ओसरल्यावर खाली उतरलो तेव्हा बेंडच्या जागी नुसता गाळ होता, सपाट, वाळून भेगाळलेला. नदीने आपली वाटच बदलली होती. आधी जिथे काठ होता तिथे वाळू होती, आणि वाळूच्या जागी पाणी. विहीर बुजली होती. झाडं मुळासकट गेली होती. आपल्या गावात उभं राहून आपलं घर कुठे होतं हे सांगता येऊ नये, याची मला लाज वाटली. जबेझ म्हणायचा ठाणं इथे होतं. लेर्मा म्हणायचा छे, ते तर पार तिकडे. किराणावाला तिसरीकडे बोट दाखवायचा. एकदा तर त्या रिकाम्या गाळात जबेझ आणि लेर्मा एकमेकांच्या अंगावर धावून गेले, जणू कोणी त्यांच्या शेताचा बांध कोरला होता.

लेर्माने शोधायचं सोडलं नाही. "ऐरण वाहून जात नाही, बाई," तो मला सांगायचा. "माझी ऐरण सापडली की दुकान सापडलं. दुकानासमोर तुमचं दार." सुट्टी मिळाली की लोखंडी गज घेऊन तो खाली जायचा आणि गाळात खुपसत फिरायचा. त्याची बायको-पोरं टेकडीवर होती, त्याला दगड रोवायला जागा होती. तरी तो जायचा. इतका गाळ चाळूनही त्याला एक कढई आणि तबेल्याच्या दाराची बिजागरी, एवढंच मिळालं.

वर्ष सरलं. लेमच्या जागी पर्डी नावाचा माणूस आला होता. वाईट नव्हता, पण तोंडाळ. एका दुपारी जेवताना तो करवादला की त्या करड्या घोडीने त्याचे हात उपटून काढलेत. जुना रस्ता जिथे पठारावरून खाली उतरायचा तिथे आली की ती खाली ओढतेच. रोज ओढते. रोज चाबूक खाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढते.

"खाली कोणी यार ठेवलाय की काय तिने?" पर्डी हसत म्हणाला.

जबेझ हातातलं ताट ठेवून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. टॅबीच्या पुठ्ठ्यावर वळ होते, जुने आणि नवे. तो पर्डीला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. मी मात्र कॉफीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. वर्षभर मी त्या घोडीकडे पाठ करून उभी होते, आणि ती रोज माझ्या दाराकडे जायला मार खात होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, मी, जबेझ आणि लेर्मा, दगड हातगाडीवर घालून त्या उताराच्या फाट्यावर जाऊन थांबलो. जबेझला मी फक्त चल म्हटलं होतं. कितीतरी दिवसांत मी त्याला आपणहून म्हटलेला तो पहिला शब्द असेल. गाडी आली तेव्हा आत टपालाच्या थैल्यांखेरीज कोणी नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. पर्डीने गाडी थांबवली आणि डोळे फाडून बघत राहिला. मी काय हवं ते सांगितलं.

"टिलेटबाई, उशीर झाला तर कंपनी माझी कातडी सोलेल," तो म्हणाला. "आणि खाली रस्ता तरी कुठे आहे?"

"तुला कोण विचारतंय रस्ता? लगाम सोड."

"आणि गाळात रुतलो तर?"

"लगाम सोड म्हटलं ना."

दगड आणि फावडं आत ठेवलं, लेर्मा आणि जबेझ आत बसले, मी पर्डीशेजारी वर चढले. तिथून टॅबीचे कान दिसत होते. पर्डीने लगाम मांडीवर टाकले. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. माझी पोर अशाच सैल लगामांमागे गेली होती. मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

टॅबी क्षणभर थांबली. चाबूक येतोय का म्हणून तिने कान मागे केले. मग ती वळली आणि डॅनही तिच्याबरोबर वळला. मागची नवी जोडी गोंधळून त्यांच्यामागे आली. आम्ही उतरलो. सखल वाळू लागली तेव्हा मी मागे वाकून खिडकीतून बघितलं तर लेर्माने टोपी काढून छातीशी धरली होती. त्या जागी मी डोळे मिटणार होते. मिटले नाहीत.

मग गाळाचं मैदान आलं. चारी दिशांना सारखंच. आमच्यातल्या कोणालाही तिथे डावं-उजवं कळलं नसतं. घोडे चालत राहिले, घाई नाही, शंका नाही, घरी परतावं तसे. आणि मध्येच, काहीही नसताना, त्यांनी वळसा घेतला. मोकळ्या, सपाट जमिनीवर एक गोल वळसा.

"विहीर," आतून लेर्मा म्हणाला. "विहिरीला वळसा घालतायत."

वळसा संपला आणि घोडे थांबले. पर्डीने लगामाला हातही लावला नव्हता. टॅबीने मान उजवीकडे वळवली आणि तशीच धरली.

मी खाली उतरले. जबेझ गाडीतून उतरून चाकाला धरून उभा होता. लेर्मा सवयीने गज घेऊन दुकानाच्या दिशेला वळला होता, तोही थबकला. मी टॅबीच्या तोंडापाशी गेले. तिच्या पुठ्ठ्यावरचे वळ मला आता जवळून दिसले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या बाजूला बघत होती, हातभर अलीकडे, जिथे पायरी असायची तिथे, आणि तिथल्या हवेत तिचे ओठ हलत होते.

मी सरकून त्या जागी उभी राहिले आणि तळहात पुढे केला. हातात काही नव्हतं. सफरचंदं मी वर्षभर आणलीच नव्हती. तिने तळहात हुंगला, चाटला, बोटांच्या मध्ये शोधलं, आणि पुन्हा मान वळवून वाट बघत राहिली. मग मी तिच्या गळ्यात पडून रडले. वर्षभर मला तिला मारायचं होतं, आणि आता तिला सोडवेना.

पर्डी बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला की आता निघायला हवं. त्याने लगाम उचलले, जीभ टाळूला लावून आवाज केला. टॅबी हलली नाही. चाबकाला मात्र त्याने हात लावला नाही.

"ती नाही निघायची," जबेझ म्हणाला. "पोरगी आल्याशिवाय नाही निघायची ती."

तो पुढे आला, त्याने घोडीचा लगाम तोंडाजवळ धरला आणि तिला एकेक पाऊल मागे घेत, पुटपुटत, कसंबसं तिथून वळवलं. जाताना ती मान मागे वळवून बघत होती. त्या जागी माझ्या पायांचे ठसे उमटले होते. लेर्माने गज टाकला, उतरवून ठेवलेल्या दगडाशेजारचं फावडं घेतलं आणि तिथेच खणायला सुरुवात केली.